लाल टोकाच्या कांड्या

खवा आटवायच्या स्टीलच्या कढया जोडणारा माझ्यासारखा कारागीर आमच्या ईट गावच्या भागात दुसरा नाही, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत आलोय. आपली पाठ आपण थोपटली नाही तर कोण थोपटणार! पण माझ्या जोडाची निम्मी सफाई बायकोच्या हातची होती, हे मात्र कधी कुणाला सांगितलं नाही.

आर्गन वेल्डिंगच्या टॉर्चमध्ये टंगस्टनची बारीक कांडी असते. समोरच्या स्टीलचं पाणी होतं, पण ही कांडी वितळत नाही. फक्त तिचं टोक पेन्सिलीसारखं अणकुचीदार लागतं, आणि माझ्या हातून ते हमखास वाकडं व्हायचं. म्हणून दुपारची भांडी उरकली की बायको ग्राइंडरच्या चाकापाशी बसायची आणि कांड्यांना टोकं काढायची. तोंडाला पदर. तिच्या डोक्यावर खिळ्याला माझा मास्क लटकलेला असायचा, वेल्डिंगचा धूर नाकात जाऊ नये म्हणून आणलेला.

एकदा ती म्हणाली, "धूळ लई उडतीय. मला बी आणा की असलं एक."

"तुला कशाला? कारागिराला लागतंय ते," मी म्हणालो. वर हसलोसुद्धा.

पंधरा वर्षं गेली. यंदा पोरीनं हट्टानं आयटीआयला वेल्डिंग घेतलं. पहिल्याच सुट्टीत घरी आली, आईला ग्राइंडरवर बघितलं आणि पळत जाऊन बटण बंद केलं.

"पप्पा, लाल टोकाच्या कांड्या हायत न्हवं ह्या? ह्यात थोरियम असतंय. किरणोत्सारी. घासताना धूळ छातीत जाती."

मी भडकलो. चार दिवस शिकली नाही तोवर बापाला शिकवायला निघाली! कांड्यांच्या रिकाम्या डबीत बायको सुया-बटणं ठेवायची, ती डबी पोरीनं माझ्यापुढं धरली. पिवळ्या त्रिकोणात पंख्याच्या पात्यांसारखी तीन काळी पाती. अशा किती डब्या मी या हातानं फोडल्या. किरणोत्साराची ती खूण मी कंपनीचा छाप समजत होतो.

मी तिथंच स्टुलावर बसलो. बायको पदरानं हात पुसत आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बायकोच्या छातीचा एक्स-रे काढला. मशीन घरघरलं तेव्हा पोर हळूच म्हणाली, "ह्या मशिनीत बी टंगस्टनच असतंय, पप्पा." मला तिथून पळून जावंसं वाटलं. डॉक्टर म्हणाले, "आज तरी काही दिसत नाही. घाबरू नका, पण वर्षाला दाखवत जा." त्यातला 'आज तरी' तेवढा माझ्या कानात बसला.

येताना दुकानातून थोरियम नसलेल्या, निळ्या टोकाच्या कांड्या घेतल्या. आणि एक नवा मास्क. घरी आल्यावर तो बायकोच्या हातात दिला. तिनं तो उलटा-पालटा करून बघितला, पट्टा ओढून बघितला.

"म्हंजी," ती म्हणाली, "मी बी कारागीरच हुते म्हणा की."