काकूंची बंदरं

गल्लीत सगळे त्यांना कुशनवाल्या काकू म्हणतात. सोफ्याची खोळ, खुर्चीची गादी, मोटारीच्या सीटचं कव्हर, काहीही फाटलं की माणसं त्यांच्याकडे येतात. मशीन चालू असताना काकू गप्प असतात. मशीन थांबलं की बोलायला लागतात, आणि बोलणं फिरून फिरून समुद्रावरच्या त्या वर्षावर येतं.

खरं तर समुद्राचा नाद काकांचा. ते बोटी दुरुस्त करणारे सुतार. लोकांच्या बोटी जोडता जोडता त्यांनी स्वतःची एक शिडाची बोट बांधायला काढली. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा सुरू झालेलं काम तिचं लग्न झालं तरी चालूच होतं. ही बोट काही पाण्यात जायची नाही, या भरवशावर काकूंनी कधी विरोध केला नाही. एका सकाळी ती पाण्यात गेली आणि चक्क तरंगली.

दोघं परमुलखाच्या किनाऱ्याला निघाले तेव्हा काकूंनी पन्नाशी ओलांडली होती. सुरुवातीला त्या बादली पोटाशी धरून बसून असायच्या.

"अहो, मला कुठंतरी उतरवा आणि तुम्ही खुशाल जा," असं त्या म्हणाल्या, तेव्हा काका हसले नाहीत. त्यांनी आल्याचा तुकडा चघळायला दिला आणि दूर बघत राहायला सांगितलं.

बंदर आलं की मात्र चित्र उलटं व्हायचं. लाटांना न जुमानणारा हा माणूस परक्या गर्दीत बुजायचा. भाषा येत नाही म्हणून पाव घ्यायलाही पुढे व्हायचा नाही. काकू हातवारे करत, सरळ आपल्याच भाषेत बोलत दुकानात शिरायच्या आणि पिशवी भरून बाहेर यायच्या. एका गावात तर वाळत घातलेल्या चादरींखालून वाट काढत त्या रोज चढावरच्या बाकापर्यंत जायच्या, नुसतं बसायला. काका म्हणायचे, "उद्या निघू." काकू म्हणायच्या, "दोनच दिवस." त्या दोन दिवसांचा आठवडा व्हायचा.

मग एका मोठ्या बंदराजवळ शीड उसवलं. धक्क्यामागच्या गल्लीत सोफे दुरुस्त करणाऱ्या एका बाईचं दुकान होतं. तिनं आपलं रुंद मशीन काकूंना वापरू दिलं, शिवण पाहिली आणि शेजारी दुसरी खुर्ची ओढली. थंडीचे महिने काकू तिथंच काम करत राहिल्या. दुकानाच्या वरची खोली भाड्यानं घेतली. तिच्या खिडकीतून डोलकाठ्या दिसायच्या. काका दिवसभर धक्क्यावर येरझाऱ्या घालायचे.

एका रात्री त्यांच्या संयमाचा बांध फुटला. "तू इथं राहायला आलीस की फिरायला?"

"चार दिवस राहिल्याशिवाय मला फिरल्यासारखं वाटतच नाही," काकू म्हणाल्या.

सकाळी पाहतात तो बोट जागेवर नव्हती. काकूंनी त्या दिवशी एकच शिवण तीनदा चुकवली. दुकानवाल्या बाईनं काही न विचारता ती उसवली आणि चहाचा पेला पुढे सरकवला. संध्याकाळी काका दुकानाच्या दारात येऊन उभे राहिले, टोपी हातात.

"वारा पडला," ते म्हणाले.

बाहेर दुकानांच्या ताडपत्र्या फडफडत होत्या. काकूंनी तिकडे पाहिलं नाही. "जेवलात का?" एवढंच विचारलं. दुकानवाल्या बाईला शब्द कळले नसतील, पण तिनं स्टूल पुढे केलं.

दुसऱ्या दिवसापासून काका तिथल्या खुर्च्यांचे डगमगते पाय दुरुस्त करायला लागले. निघायची वेळ आली तेव्हा एक आरामखुर्ची अर्धी राहिली म्हणून हुरहूर लागली ती त्यांनाच.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. बोट त्यांनी हयातीतच एका तरुण जोडप्याला देऊन टाकली होती. मध्यंतरी लेकीनं विचारलं, "आई, तुला तिथलं सगळ्यात जास्त काय आठवतं गं?" तिला वाटलं, आई दुकानाचं नाव घेईल.

"तिथून निघालो ती सकाळ," काकू म्हणाल्या. "तुझे बाबा सुकाणू धरून समोर बघत होते, मी मागे. गाव लहान लहान होत चाललं होतं. त्यांना मान वळवता येत नव्हती, म्हणून सारखे विचारायचे, 'दिसतंय का अजून?' आणि मी हो म्हणायचे. दिसेनासं झालं, तरी बराच वेळ हो म्हणत राहिले."