शेळगावचा ळ

नव्वदच्या दशकात बारामतीत माझं लग्नपत्रिका छापायचं छोटं दुकान होतं. कॉम्प्युटर आला, पण त्यातली अक्षरं मला कोरडी वाटायची. म्हणून मी बोरूनं स्वतःची वळणदार अक्षरं काढली, स्कॅन केली आणि वर्षभर खपून त्यांचा फॉन्ट बनवला. मात्रांना मोराच्या मानेसारखा बाक दिला.

त्यातली पहिली पत्रिका शेळगावच्या एका आबांच्या मुलीची होती. नमुना डोळ्यांजवळ धरून ते म्हणाले, "ताई, अक्षर लई देखणं हाय, पर ह्ये आमचं गाव न्हाय. हितं शेकगाव लिवलंय." खरंच, ळच्या मधोमध मी सोडलेल्या नक्षीदार शेपटीमुळं तो क वाटत होता. मी आबांना बसवून घेतलं, शेपटी काढली आणि पुन्हा छापून दाखवलं.

"व्हय, आता झालं शेळगाव," ते खूश होऊन म्हणाले.

लग्नाला गेले, तर मांडवाच्या दारात नवरा-नवरीची नावं माझ्याच अक्षरांत. गावातल्या पेंटरनं पत्रिकेवरून बघून ती हातभर मोठी रंगवली होती. येणारा-जाणारा थांबून वाचत होता.

"ही अक्षरं माझी आहेत," मी शेजारच्या अनोळखी बाईला सांगून टाकलं. सांगितल्याशिवाय राहवेचना.