पोर्तुगाल नाका

आमचे फादर मराठी उत्तम बोलत, पण आवाज चढला की तोंडून कोकणीच बाहेर पडे. पंधरा ऑगस्टला आमच्या नाशिकच्या कॉलनीचा झेंडा त्यांच्याच हातून वर जायचा. मग सत्तरी ओलांडलेला हा म्हातारा पांढरा झगा सावरत गरजायचा, "आमकां पोर्तुगाल नाका! आमकां सुटका जाय!" पहिल्याच वर्षी शेजारच्या भास्कर रिक्षावाल्याने मला हळूच विचारले, "भाऊ, मुंबई नाका ठाऊक हे, द्वारका ठाऊक हे. हा पोर्तुगाल नाका कुठशी आला?"

फादरांनी ते ऐकले आणि पोट धरून हसले. "अरे, नाका म्हणजे नको, आणि जाय म्हणजे पाहिजे!" झाले, कॉलनीला तोच चाळा लागला. चहाला सगळे 'जाय' आणि कारल्याच्या भाजीला 'नाका'.

घोषणा त्यांची स्वतःची होती, गोव्यात पोर्तुगीज असतानाची. तेव्हा ते तिथे तरुण पाद्री होते. सभांना बंदी होती, पण संताच्या सणाची मिरवणूक पोलीस अडवत नसत. एका वर्षी ह्यांनी ती मिरवणूक चर्चऐवजी पोलीस चौकीकडे वळवली आणि झग्यातून तिरंगा काढला. मग गावोगावच्या मिरवणुका वळू लागल्या, आणि फादर चळवळीचे पुढारी होऊन तुरुंगात गेले. "संत रागावला नाही हो," ते म्हणत, "त्यालाही रोजच्या रस्त्याचा कंटाळा आला असणार." पण त्यांच्या बिशपांनी चळवळीत पडू नका अशी आज्ञा केली होती, आणि आज्ञा पाळायची शपथ घेतलेल्या माणसाने ती मोडली होती. हे सांगताना मात्र ते हसत नसत.

सुटकेनंतर ते नाशिकला आले. इथेही कुठल्याही दुखण्यावर त्यांचे औषध एकच, मिरवणूक! कचऱ्याची गाडी येईना, तेव्हा त्यांनी साऱ्या कॉलनीला झाडू घेऊन रस्त्यावर उतरवले. माझी आई निफाडकडची, तोंडाने फटकळ. ती सगळ्यांत पुढे होती.

आणि एक दिवस इथल्या बिशपांचा हुकूम आला. फादर थकले, आता त्यांनी गोव्यातल्या वृद्ध धर्मगुरूंच्या आश्रमात जावे. करणार काय, फादरांनीच शिकवलेले केले. बिशपांच्या बंगल्यावर मिरवणूक नेली. पुढे भास्कर, बेंबीच्या देठापासून ओरडत, "आमकां फादर जाय! आमकां फादर जाय!"

बिशप वसईचे, त्यांना कोकणी येत नसे. ते व्हरांड्यात आले, शेजारी फादर. बिशपांचा चेहरा खुलला होता. "फादरांनी जावे असेच तुम्हालाही वाटते? मला वाटले, विरोध कराल."

एकच गोंधळ उडाला. "नाय नाय साहेब," भास्कर घायकुतीला आला, "जाय म्हंजे राहू द्या!"

फादर हसून हसून डोळे पुसत होते. बिशपांनी त्यांना विचारले, "तुमची इच्छा काय?"

त्यांचे हसू मावळले. "आज्ञा एकदा मोडली, ती देशासाठी," ते म्हणाले. "आता स्वतःसाठी मोडू?"

तेवढ्यात आई पुढे झाली. "अहो फादर, मंग आम्ही कोण? आम्ही बी देशच हाये ना?"

पोलिसांपुढे न अडखळलेला माणूस बिशपांकडे पाहू लागला. बिशपच शेवटी म्हणाले, "मोडायचा प्रश्नच नको. आज्ञा मी मागे घेतो."

फादर आमच्यातच राहिले, आणि मागच्या वर्षी आमच्याच खांद्यांवरून गेले. त्यांना खांदा द्यायला चर्चच्या माणसांना जागाच मिळाली नाही.