दसऱ्याचं तेल

बाबांचा फोन आला तेव्हा मी अंधेरीला ऑफिसात होते. "ताई गेली गं," एवढंच त्यांना बोलता आलं. गौरी-गणपती नुकते झाले होते. सकाळी चहा ठेवून सुलूआत्या खुर्चीत बसली आणि तिचं हृदय बंद पडलं. मी मुलुंडला पोचले तोवर आमच्याच बिल्डिंगमधल्या तिच्या तळमजल्यावरच्या घरात सोसायटीतल्या बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. लग्न नाही, मूलबाळ नाही, एकटीच राहिली हो बिचारी... तो 'बिचारी' शब्द खोलीभर फिरत होता आणि मी दाराशी उभी होते. मला चारचौघांत बोलता येत नाही. त्या दिवशीही आलं नाही, म्हणून आता लिहिते आहे. माझी आत्या बिचारी नव्हती. तिची एक छोटी लाल गाडी होती आणि त्या गाडीचं इंजिन ऑईल ती स्वतः बदलायची.

तेही दसऱ्याला. सगळी सोसायटी गाड्या धुऊन, झेंडूचे हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून पूजा करत असायची, आणि आत्या जुन्या सलवार-कमीजमध्ये गाडीखाली उताणी. "हार काय, बाहेरून दिसतो. आतलं कोण बघणार?" म्हणायची. आधी गाडी स्टेशनपर्यंत फिरवून आणायची, कारण तेल कोमट झालं की घाण घेऊन नीट वाहतं. मग पुढची चाकं उतरत्या लाकडी ठोकळ्यांवर चढवायची, मागच्या चाकांना विटा लावायची, आणि खालचा बोल्ट सोडला की काळं तेल जुन्या टबात पडायचं. माझं काम गाडीसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक मोठ्याने वाचायचं. आत्या विमा कंपनीत आयुष्यभर इंग्रजी कागद वाचून निवृत्त झाली होती. तिला माझी काही गरज नव्हती. मी मात्र शाळेत वर्गात उभं केलं की गप्प व्हायचे, घरी तर विचारूच नका. "मनू, मोठ्याने गं! गाडीखाली ऐकू येत नाही," ती ओरडायची. माझी पहिली श्रोती अशी, जिचे फक्त पाय दिसायचे.

नवा फिल्टर बसवण्याआधी त्याच्या रबरी कडेला ताज्या तेलाचं बोट फिरवावं लागतं, म्हणजे तो घट्ट बसतो आणि पुढच्या वेळी सहज निघतो. आत्या ते नेहमी अनामिकेने करायची, कुंकू लावतात तसं. ही तिची पूजा.

कंपाउंडात वाहन दुरुस्तीला मनाई, असा सोसायटीचा बोर्ड होता. सेक्रेटरी काका दर दसऱ्याला त्याच्याकडे बोट दाखवायचे. आत्या गाडीखालूनच म्हणायची, "काका, दुरुस्ती बिघडलेल्याची करतात. माझी गाडी बिघडत नाही, ती याच्यामुळेच. आणि खाली एक थेंब दिसला तर मला दाखवा." थेंब कधी दिसला नाही. जुनं तेल ती कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला नेऊन द्यायची. गटारात कोणी ओतताना दिसला की त्याची वाटच लागली.

दुकानात तर मी लाजेने तिच्या मागे लपायचे. "मॅडम, गाडी जुनी झाली, आता जाड तेल टाका," दुकानदार म्हणायचा. "माझे गुडघेही जुने झालेत, म्हणून रोज एरंडेल पिऊ का? पुस्तकात फाइव्ह डब्ल्यू थर्टी लिहिलंय, तेच दे. पातळ असलं की सकाळी चावी फिरवताच वरपर्यंत पोचतं." तो हसायचा, पण देताना कुरकुरायचाच.

एका वर्षी तिचं मनगट प्लास्टरमध्ये होतं, म्हणून तेल बाबांनी ओतलं. गाडीला तीन लिटरच्या आतच पुरतं, कॅन मोठा. आमच्या घरात पानात काही टाकलेलं चालत नाही. "एवढंसं कशाला उरवायचं?" म्हणत बाबांनी सगळा कॅन रिकामा केला. दुसऱ्या दिवशी चेकनाक्यापर्यंत गाडीने असा धूर सोडला की मागचे रिक्षावाले शिव्या देत होते. आत्या प्लास्टरचा हात कमरेवर ठेवून उभी राहिली. "नंदू, अरे इंजिन आहे ते, पंगतीला बसलेला जावई नाही! आग्रह कसला करतोस?" तेल मोजायच्या पट्टीवर दोन खुणा असतात, त्यांच्या मधेच थांबायचं. जास्तीचं तेल तिने माझ्याकडून काढवून घेतलं. तेव्हापासून उरलेला कॅन तिच्या खिडकीत असायचा, वर्षभर लागेल तसं वरून घालायला.

ती गेल्यावर घरात ठरलं की यंदा सण नाही. गाडीही विकायची. घाटकोपरचा एजंट दसऱ्यालाच येणार होता. "चालवणार कोण?" बाबा म्हणाले.

"मी."

"तू? अगं, तू रिक्षावाल्याला 'इथे थांबवा' म्हणत नाहीस, पुढे जाऊन उतरतेस आणि चालत मागे येतेस."

खरं होतं ते. पण लायसन्स आत्याने माझ्या मागे लागून काढायला लावलं होतं. आदल्या दिवशी मी एकटी दुकानात गेले. "गाडी जुनी आहे ना? जाड..." तो सुरू झाला. "फाइव्ह डब्ल्यू थर्टीच द्या," मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की बाकीची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. त्याने मुकाट्याने दिलं. मॅडमना बऱ्याच दिवसांत बघितलं नाही, म्हणाला. मी सांगितलं. त्याने कॅन फडक्याने पुसून पिशवीत ठेवला...

दसऱ्याच्या सकाळी मी गाडी ठोकळ्यांवर चढवली. वरच्या गॅलरीतून आवाज आला, "अगं, यंदा तुमचा सण नाही ना?"

"सण नाही, काकू. तेल बदलतेय."

सेक्रेटरी काका आले, बोर्डाकडे बोट दाखवलं. मी गाडीखालून आत्याचंच वाक्य म्हटलं, तिच्याच चढ्या आवाजात. मला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. "थेंब सांडू नकोस," एवढं म्हणून गेले.

फिल्टरला अनामिका फिरवली. तेल ओतलं, इंजिन थोडं चालवून बंद केलं, आत्याच्या जुन्या गाऊनच्या फडक्याने पट्टी पुसून पुन्हा बुडवली. तेल बरोबर दोन खुणांच्या मधे. बाबा कधी खाली आले कळलं नाही. त्यांनी कॅन हलवून बघितला. "उरलंय की थोडं," म्हणाले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, एजंटचा. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं मी नेहमी टाळते. तेलकट हातानेच फोन घेतला आणि म्हणाले, "गाडी विकायची नाही."

बाबांनी कॅनचं झाकण घट्ट लावलं आणि ते आत्याच्या घराचं कुलूप उघडायला गेले. उरलेलं तेल आता तिच्या खिडकीत आहे, तिथल्याच गोल डागावर. फडकं कॅनच्या मुठीला बांधलंय.