मिंगाजने इंजिनं बंद केली

आमच्या मिंगाजचं एक तत्त्व होतं. हिवाळ्यात बायको रुसली तरी चालेल, इंजिन बंद पडता कामा नये. सायबेरियाच्या त्या दलदलीत ट्रॅक्टर एकदा गारठला की वसंतापर्यंत उठत नाही, आणि वसंतात दलदल त्याला गिळते. म्हणून ऑक्टोबरात चालू केलेली इंजिनं एप्रिलपर्यंत दिवसरात्र धडधडायची. त्या धडधडीत मिंगाजचे कान पार कामातून गेले. मी मीठ मागितलं की हा चहा आणून द्यायचा.

तरी टोळीचा मुकादम तोच. तेलाचा पाइप खंदकात उतरवताना पाच ट्रॅक्टर रांगेत उभे, आणि पाचही चालकांची नजर त्याच्या लाल हातमोज्यावर. तो हातमोजा हलला की पाइप हलायचा.

मी मिंगाजची बायको आणि टोळीची स्वयंपाकीण. तिसऱ्या ट्रॅक्टरवर माझा भाऊ इल्गिज. तिशी ओलांडलेला बाप्या, पण गावाकडून, बश्कीरियातून आणताना आईला मी शब्द दिला होता, याला धडधाकट परत आणीन म्हणून.

मार्चमध्ये शेवटचा तुकडा उरला. पाइप अजून लाकडी ओंडक्यांवर टेकलेला होता. सूप पिताना इल्गिज मिंगाजच्या कानाशी ओरडला, "दाजी, माझ्या ट्रॅक्टरखालचा बर्फ वाजतोय."

शेजारच्या ट्रॅक्टरचा चालक फ्योदोर फिसकन हसला. "बर्फ कसला वाजतोय, तुझे गुडघे वाजतायत."

सगळेच हसले. इल्गिज लालबुंद झाला, वाटी तशीच ठेवून गेला आणि ट्रॅक्टरवर चढून बसला. माझा भाऊ मी ओळखते. आता मेला असता, पण उतरला नसता.

मिंगाज रांगेसमोर उभा राहिला. इल्गिजकडे बघत राहिला. मग हातमोजा वर न्यायच्या ऐवजी त्याने गळ्यावरून आडवा फिरवला. इंजिनं बंद करा.

"म्हातारा पिसाळला," फ्योदोर म्हणाला. मिंगाजने खूण पुन्हा केली. एकेक करून पाचही इंजिनं थांबली. इतकी शांतता झाली की मला माझं सूप रटरटताना ऐकू आलं.

मिंगाज तिसऱ्या ट्रॅक्टरपाशी गेला, आडवा झाला, बर्फाला कान लावला. उठून म्हणाला, "खाली पाणी वाहतंय. उतर रे."

इल्गिज उतरला.

बाकीचे चार मोठ्या मुश्किलीने चालू झाले. तेवढ्यात तिसऱ्याखालचा बर्फ फाटला आणि ट्रॅक्टर टपापर्यंत खाली बसला. आत कोणी नव्हतं. चौघांनी पुढच्या आठवड्यात, जाड बर्फाच्या बाजूने, पाइप उतरवलाच.

साहेब येऊन खूप ओरडला. मिंगाजला ओरडण्याचा काय त्रास? "हुकूम माझाच," एवढं म्हणून तो जेवायला बसला.

मी त्याच्या कानाशी तोंड नेलं. "खरं सांग, तुला काय ऐकू आलं?"

"डोंबल ऐकू येतंय मला," तो म्हणाला. "तुझा भाऊ उगाच घाबरणाऱ्यातला नाही. पण सगळे हसल्यावर चालू इंजिन सोडून कोणता चालक उतरेल? बंद ट्रॅक्टरवरून उतरता येतं."

मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडले.

त्या पाइपातून आता तेल वाहतंय. इल्गिज गावात सगळ्यांना सांगतो, आमच्या दाजींना बर्फाखालचं पाणी ऐकू येतं. मिंगाज मान डोलावतो, आणि मी मीठ मागितलं की चहा आणतो.