अकरावीचे मार्क आणि टायफॉइड

माझ्या मुलाची लष्करी प्रबोधिनी अकरावीच्या मार्कांनी हुकवली, असं आमच्या गल्लीत अजून सांगतात. ही गोष्ट मीच पसरवली. ती खोटी आहे, आणि आता ती ऐकली की मला वैताग येतो.

अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष, हे तेव्हा नाशकात सगळ्यांना पाठ होतं. दहावीला बोर्ड, बारावीला बोर्ड, मधलं कोण विचारतं? माझा मुलगा दहावीला उत्तम, बारावीला बरा आणि अकरावीला काठावर पास. प्रबोधिनीची लेखी परीक्षा तो पास झाला. भोपाळला मुलाखतीत अधिकाऱ्याने नववीपासूनचे मार्क ओळीने विचारले आणि अकरावीपाशी थांबून म्हणाला, “इथे काय झालं?” “अभ्यास कमी पडला,” एवढंच मुलगा म्हणाला. नाकारला जाऊन परत आला.

वयात बसेल असा एकच प्रयत्न उरला होता. लेखी परीक्षा तो पुन्हा पास झाला. आता प्रश्न होता त्या मार्कांचं काय सांगायचं.

खरं असं होतं की त्या वर्षी माझ्या धाकट्या भावाचा पाय मोडला. त्याची मखमलाबादला फुलशेती. बाजारातला त्याचा गाळा वर्षभर मुलाने सांभाळला. श्रावणात झेंडूचे कॅरेट त्र्यंबकला पोचवायचे, एसटी चुकली तर जीप गाठायची. हारवाले वजनावरून भांडायचे. मुलगा भांडण मिटवून माल पुन्हा त्यांनाच विकायचा. भाऊ म्हणायचा, “पोरगं लय तयार झालंय.” मी कचेरीत हेडक्लार्क. आमचं घर फुलं विकतं हे मी तिथे कधी बोललो नव्हतो.

“बाबा, मी गाळ्याचंच सांगतो ना,” मुलगा म्हणाला.

“अधिकारी व्हायला चाललायस की हार विकायला? टायफॉइड झाला होता म्हण.”

“डॉक्टर कोण, असं विचारलं तर?”

“तेही बसवू.”

सगळं बसवलं. ताप किती दिवस, पथ्य काय, अशक्तपणा कधी गेला. बायको भाजी निवडत ऐकत होती. “अहो, एवढं पाठांतर अकरावीतच करून घेतलं असतं तर?”

तो पुन्हा नाकारला गेला. नाशिकरोडहून रिक्षाने घरी येताना मी विचारलं, “मार्कांवरच अडलं ना?”

“नाही. टायफॉइड सांगितला, ते ठीक आहे म्हणाले. तो विषय तिथेच संपला.”

“मग?”

“मग म्हणाले, स्वतःच्या हिमतीवर केलेलं एखादं अवघड काम सांग. बाबा, माझ्याकडे एकच होतं, गाळ्याचं. पण त्या वर्षी तर मी अंथरुणावर होतो.”

“काय सांगितलंस मग?”

“गॅदरिंगची वर्गणी गोळा केली म्हणालो.”

त्या एका उत्तराने सगळं गेलं, असा माझा दावा नाही. पण मार्कांनी गेलं नाही, हे मला त्या रिक्षातच कळलं होतं. तरी घरी पोचल्यावर भावाने विचारलं तेव्हा मी म्हणालो, “अकरावी नडली.” भावाने हातातल्या काठीकडे पाहिलं. माझ्या पायानं झालं, असं तो पुढे कायम म्हणत राहिला, आणि मी त्याला म्हणू दिलं.

मुलगा सिन्नरच्या कारखान्यात लागला. बऱ्याच वर्षांनी एक शेजारी घरी आला. त्याचा मुलगा दुसऱ्यांदा प्रबोधिनीच्या मुलाखतीला जाणार होता. “काका, जुन्या मार्कांचं फार बघतात का हो?”

मी नेहमीचं, “अकरावी नडली,” सुरू केलं. तेवढ्यात मुलगा पाळीवरून आला. दारात बूट काढता काढता म्हणाला, “बाबा, आता सगळं सांगा त्यांना.”

मी सांगितलं. मार्क विचारतात, ते बदलत नाहीत. त्या वर्षात काय केलं ते खरं सांगू द्या, त्याच्या तोंडात दुसरं काही घालू नका. गाळा, टायफॉइड, वर्गणी, सगळं सांगितलं. शेजाऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ते कळलं हो. पण अकरावीला कमी असतील तर कोणता आजार सांगावा?”

मी कपाळाला हात लावला. मुलगा माझ्या शेजारी येऊन बसला आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.