अण्णांच्या बेटाचा गोल

आमच्या गावात पेढे तीन कारणांनी वाटतात: पोरगं पास झालं, सून बाळंत झाली किंवा भावकीतला माणूस निवडणुकीत पडला. भानुदासअण्णांनी चौथं कारण काढलं. आपली टीम हरली की ते पेढे वाटायचे.

टीम होती पार तिकडे महासागरातल्या एका बेटाची. फुटबॉलच्या विश्वचषकाआधी पात्रता फेरी असते आणि तिच्या अगदी पहिल्या पायरीवर असली चिमुकली बेटं येतात, मार खातात आणि होड्यांकडे परत जातात. त्या देशाचं नाव गावात कुणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून सगळे त्याला 'अण्णांचं बेट' म्हणत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अण्णा सावेडीला लेकीकडे राहिले होते. डोळ्यावरची पट्टी निघाली, तेव्हा समोरच्या टीव्हीवर हे बेट गोल खात होतं. तिथेच जीव जडला.

"गुरुजी," परत आल्यावर ते मला म्हणाले, "सोनईच्या बाजाराला येत्यात तेवढी मान्सं त्या आख्ख्या देशात न्हाईत. गोलकीपर मासे धरतो, एकजन टपाल वाटतो. सात गोल खाल्ले, पन परत्येक येळी बॉल मधी ठिवून पुन्हा पळायला तयार!"

मी शाळामास्तर, सल्ला दिल्याशिवाय राहवत नाही. म्हटलं, "अण्णा, धरायचीच तर जिंकणारी टीम धरा की."

"जितनाऱ्याच्या मागं लई गर्दी आसती. आपल्याला हुबं ऱ्हायला जागा नको का?"

हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. सोसायटीच्या निवडणुकीत ते स्वतः पडले होते आणि त्या संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर चहाला मी एकटाच होतो.

पुढच्या वेळी बेट चार गोलांनी हरलं. अण्णांनी राहुरीहून पेढे आणले. "सातावरनं चारावर आलो. ह्याला प्रगती म्हनत्यात!" लोक पेढा खाऊन वर हसायचे. अण्णांची इच्छा एकच होती. "जितू नका म्हनावं. पन एक गोल, येकच, ह्या डोळ्यांनी जाताना दिसू द्या."

आता ही गोष्ट सोसायटीच्या चेअरमनपर्यंत न जाती तर ते चेअरमन कसले! कुणाच्या का मयताला होईना, पहिला हार त्यांचा. एका वार्ताहरानं अण्णांवर चार ओळी छापल्या आणि पुढच्या सामन्याला मारुतीच्या देवळापुढे मांडव पडला, मोठा पडदा लागला. फ्लेक्सवर चेअरमन पुरुषभर उंच, त्यांचे शुभेच्छुक हातभर आणि बेटाचे खेळाडू खालच्या कडेला साबणाच्या वडीएवढे. तिकडची दुपार म्हणजे आपली सकाळ. अण्णा धुतलेली टोपी घालून उजाडायच्या आत पहिल्या रांगेत बसले होते.

पण आमच्याकडे शौचालयाच्या उद्घाटनालाही आधी सत्कार होतात. पडद्यावर सामना सुरू झाला आणि पडद्यापुढच्या स्टेजवर चेअरमनही सुरू झाले. सरपंचांचा सत्कार झाला, मांडववाल्याचा झाला, मग अण्णांचं नाव पुकारलं.

"ऱ्हाऊ द्या ना, मॅच झाल्यावं घाला शाल," अण्णा म्हणाले.

"आसं कसं? तुमचा मान हाय!" म्हणत चेअरमननी त्यांना दंडाला धरून वर नेलं आणि फोटोसाठी लोकांकडे तोंड करून उभं केलं. शाल झाली, नारळ झाला, फेटा बांधणारा फेटा बांधू लागला. तेवढ्यात अण्णांच्या पाठीमागे त्या टपालवाल्यानं बॉल जाळ्यात मारला.

सगळा मांडव उठून ओरडला. अण्णांना वाटलं, हा जल्लोष आपल्यासाठीच. त्यांनी हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला. ते वळून बघेपर्यंत खेळाडू एकमेकांच्या अंगावर पडले होते.

बेट नेहमीप्रमाणे हरलं. गोल आपल्या सत्काराच्या मुहूर्तावर झाला, असं चेअरमननी वार्ताहराला सांगितलं. त्या दिवशी पेढे आले नाहीत. मी मोबाईलवर तो गोल काढून अण्णांपुढे धरला. त्यांनी तोंड फिरवलं.

"लग्न लागल्यावं अक्षदा टाकून काय उपेग, गुरुजी? पुढच्या टायमाला बगू."

पण बेटाचा त्या फेरीतला तो शेवटचा सामना होता आणि पात्रता फेरीचा पुढचा टाइम काही वर्षांनी येतो. अण्णा तेवढे थांबले नाहीत. थंडीत एका सकाळी उसाला पाणी धरून आले आणि छातीत कळ येऊन गेले. मला फार एकटं वाटलं.

दशक्रियेला नदीकाठी पिंड ठेवला. माइकवर चेअरमन. अण्णांना घडवण्यात आपला वाटा किती, हे सांगता सांगता ऊन वर आलं. लिंबावरचे कावळे कर्ण्याच्या आवाजानं खाली उतरेनात. भटजी घामाघूम, लोक कुजबुजू लागले: कायतरी इच्छा ऱ्हायली म्हाताऱ्याची.

तेव्हा शांताकाकू, अण्णांच्या मंडळी, बायकांतून उठल्या. फुटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं.

"चेअरमन, खाली बसा," त्या म्हणाल्या. "तुमच्यापायी त्यांचा गोल हुकला. आता घास तरी हुकवू नगा."

माइक बंद झाला. काकू पिंडापुढे हात जोडून बसल्या.

"अवो, तुमचं बेट पुन्हा खेळंल ना, तवा मी टीव्हीपुढं बसंन. सरकार जरी सत्काराला आलं, तरी मान वळवायची न्हाई."

आणि कावळा उतरला.